मणी धरलेली राकिया

आमच्या गावात मेलेल्याच्या नावानं पुढे केलेला पेला कोणी नाकारत नाही. डॉक्टरनं मना केलेला माणूससुद्धा ओठ ओले करतो, "देव त्याला क्षमा करो" म्हणतो आणि उरलेलं कबरीच्या मातीवर ओततो. मृतांचे शनिवार वर्षात बरेच येतात. त्यातला नोव्हेंबरातला शनिवार घराच्या इभ्रतीचा, कारण तेव्हा भट्ट्या नुकत्याच विझलेल्या असतात. बायका उकडलेले गहू, गोल पाव आणि नवी राकिया घेऊन कबरींवर जातात आणि कोणाच्या घरी आलुबुखाराची दारू कशी उतरली ते अख्ख्या गावाच्या जिभेला कळतं. आमच्या घरची चांगलीच उतरायची. हे मी म्हणत नाही, लोक म्हणायचे. मी फक्त ऐकून घ्यायचे.

त्या वर्षी कर आला. आपण युरोपच्या पंगतीला बसलो, तेव्हा पंगतीचे नियम पाळा, असं वरून सांगणं झालं. गावच्या भट्टीच्या नळीला शिशाचं सील ठोकलं. ते तोडायला सरकारचा माणूस यायचा, समोर बसून दारू मोजून घ्यायचा आणि लिटरमागे कर लावायचा. दुकानातल्या बाटलीवरचा कर तर त्याच्याही वरताण. बुचावर कागदी पट्टी चिकटवलेली असायची, ती पट्टी म्हणजे कर भरल्याची खूण.

शाळेच्या हॉलात सभा झाली. राजधानीहून एक कोवळा साहेब आला होता, टाय असा आवळलेला की बोलताना मान लाल व्हायची. पुरुष त्याच्यावर तुटून पडले. सगळ्यात पुढे माझा मुलगा रादोय.

"झाडं माझी, लाकूड माझं, घाम माझा," तो म्हणाला. "सरकारनं काय केलं? पाऊस पाडला?"

टाळ्या पडल्या. त्या टाळ्या थांबायच्या आत मी उठून उभी राहिले.

"लावा कर," मी म्हटलं. "आणखी लावा. माझा नवरा वेल्चो स्वस्ताईनं मेला. आमच्या घरात पाण्याला विहिरीपर्यंत जावं लागायचं, राकियेला नुसतं फडताळापर्यंत. सकाळी कॉफीच्या आधी पेला, रात्री झोप लागत नाही म्हणून पेला. शेवटी पोट नगाऱ्यासारखं फुगलं, डोळे हळदीसारखे झाले. त्याला एकेका पेल्याला खिशात हात घालावा लागला असता तर तो चिक्कू माणूस आजही जिवंत असता."

पुरुषांना राग आला, पण हसूही आलं, कारण वेल्चो चिक्कू होता हे सगळ्यांना ठाऊक. नेव्याना समोरच बसली होती. ती गावचं दुकान चालवते. आम्ही दोघी एकाच बाकावर बसून शाळा शिकलो आणि तेव्हापासून आमचं भांडण चालू आहे.

"वेल्चो दारूनं नाही मेला, स्तामेना," ती म्हणाली. "तुझ्या जिभेनं मेला. त्या जिभेवर कर लावा म्हणावं, गावाला दोन पूल बांधून होतील."

हॉल फुटला हसण्यानं. मी म्हटलं, "तुझ्या अकलेवर लावला तर साहेबांना रिकाम्या हातानं परत जावं लागेल."

साहेब खूश झाला होता, मला म्हणाला, "आजी म्हणतात तेच आमचं म्हणणं. महाग झाली की लोक कमी पितात."

"कमी पितात ते, ज्यांना तसंही सोडता येतं," नेव्याना म्हणाली. आता ती हसत नव्हती. "बाकीचे दुसरीकडून आणतात. मी काउंटरमागे उभी असते, साहेब. मला दिसतं कोण कुठे जातो."

ते ऐकूनही मी मान उडवली. आणि खरं सांगायचं तर त्या शरदात माझंच बरोबर निघत होतं. गुत्त्यासमोरचा बाक लवकर रिकामा व्हायला लागला. शेवटच्या गल्लीतली एक सून वर्षानुवर्षं रुमाल गालावर ओढून चालायची. ती त्या महिन्यात तोंड उघडं ठेवून पाव आणायला गेली. मी तिला मुद्दाम थांबवून हवापाण्याचं विचारलं, नुसतं तिचा गाल बघायला.

पण त्याच महिन्यात कर चुकवून स्पिरिट विकणाऱ्या गेत्सोची निळी गाडीही गावात यायला लागली. गाडीत प्लॅस्टिकचे कॅन. "कारखान्याचं शुद्ध स्पिरिट," तो म्हणायचा, "पाणी घाला, घरची थोडी घाला, आजोबांनाही ओळखू यायची नाही." सगळ्यांना माहीत होतं. कोणी कोणाला बोललं नाही. सरकारविरुद्ध गप्प बसणं आमच्याकडे पुण्याचं काम.

सभेनंतर रादोय माझ्याशी नीट बोलत नव्हता. चाळिशी ओलांडलेला माणूस, पण रुसला की वेल्चोसारखा भिंतीकडे तोंड करून जेवतो. भट्टीवर त्यानं यंदा थोडीशीच उतरवली. तरी गुरुवारी त्यानं टेबलावर दोन मोठ्या बाटल्या आणून ठेवल्या, काठोकाठ.

"एवढी कुठून?" मी विचारलं.

"आपलीच आहे. शनिवारी तुझी मान खाली जायला नको."

"माझी मान माझी मी सांभाळते."

"माहीत आहे. गाव सांगतं."

दोन्का, माझी सून, चुलीशी पाठमोरी उभी होती. ती भांडं ढवळत राहिली.

मी बाटली उचलून हलवली आणि उजेडाकडे धरली. आमच्याकडे दारू अशीच पारखतात. हलवली की काचेच्या कडेनं बुडबुड्यांची माळ उभी राहते. पातळ दारूची माळ लगेच मोडते, चांगल्या दारूची ठुशीच्या मण्यांसारखी टिकून बसते. त्या बाटलीत मणी बसले ते हलेनात. रादोयनं चमच्यात ओतून काडीही लावून दाखवली, निळी सुंदर जळली. माझ्या आईनं मला हीच पारख शिकवली, तिला तिच्या आईनं. दारू कडक आहे की नाही एवढंच मण्यांना कळतं. तिच्यात काय आहे ते त्यांना कळत नाही. पण हे आमच्यापैकी कोणीच कोणाला शिकवलेलं नव्हतं. मणी बघून माझं समाधान झालं, आणि ओठांवर आलेला पुढचा प्रश्न मी गिळला.

रादोयनं त्याच संध्याकाळी एक पेला घेतला. शुक्रवारी आणखी दोन-तीन.

शनिवारची सकाळ लख्ख होती. दफनभूमीतून समोरचा डोंगर असा स्वच्छ दिसत होता की झाडं मोजावीत. धूर, मेण आणि गरम पावाचा वास. बायका एका कबरीवरून दुसरीवर जात होत्या, गव्हाचे चमचे एकमेकींच्या हातावर ठेवत होत्या. मी वेल्चोच्या कबरीवर वाईन ओतली आणि आमची बाटली उघडली. पाद्रीबाबा आले, भट्टीवाला आला, मोतीबिंदूवाले इलारिओन आजोबा काठी टेकत आले. प्रत्येकानं घोट घेतला, प्रत्येकानं मान हलवली. नेव्यानानं पेला रिकामा करून ओठ पुसले.

"वेल्चो असता तर ही बाटली घेऊनच खाली गेला असता," ती म्हणाली.

"तू तुझी पट्टीवाली आणायचीस. मेलेल्यांनाही पावती दिली असतीस."

"पट्टीवालीला गिऱ्हाईक आहे कुठे? धूळ खाते आहे." तिनं पेला परत पुढे केला, तो मी भरला. मग तिनं आवाज खाली केला. "ऐकलंस का? शेजारच्या गावात काल दोघांना हॉस्पिटलात नेलं. गेत्सोची पीत होते. एकाचं काही खरं नाही म्हणतात, दुसरा आंधळा झालाय. एका रात्रीत."

माझ्या बाजूला काहीतरी पडलं. दोन्काच्या हातातलं गव्हाचं भांडं. गहू आणि साखर माझ्या बुटांवर सांडली होती आणि ती ते उचलायला वाकत नव्हती. ती रादोयकडे बघत होती.

रादोय कबरीच्या कठड्यावर बसला होता. सकाळपासून त्याचं डोकं दुखत होतं, घरी दोनदा ओकला होता, आम्ही रात्री खाल्लेल्या कोबीवर ढकललं होतं. आता तो बापासाठी मेणबत्ती लावत होता. त्यानं काडी ओढली आणि ज्योत वातीच्या शेजारून, बोटभर अंतरावरून, हवेत धरली. काडी विझली. त्यानं दुसरी ओढली. तीही तिथेच धरली.

"अजून उतरली नाही वाटतं," मी खेकसले.

त्यानं मान वर केली. माझ्याकडे नाही, माझ्या आवाजाकडे.

"आई," तो म्हणाला, "आज धुकं केवढं पडलंय."

मी डोंगराकडे पाहिलं. झाड न् झाड दिसत होतं.

वेल्चो वर्षभर जात होता, हा दोन दिवसांत चालला होता. मी दोन्काकडे वळले. विचारायची गरज नव्हती, पण विचारलं.

"किती घातली?"

"निम्मी," ती म्हणाली. "आई, मी त्यांना म्हटलं होतं—"

"दोन्ही बाटल्यांत?"

"दोन्ही."

नेव्यानानं पेला तोंडाला लावला होता. मी तिच्या हातावर फटका मारला, पेला दगडावर फुटला. लोक वळून बघायला लागले. आजवर ज्या घरचं नाव मी गावभर ताठ मानेनं मिरवलं, त्या घराबद्दल मी स्वतःच्या तोंडानं ओरडले, "आमच्या घरची कोणी पिऊ नका. ओता. त्यात गेत्सोची आहे. रादोयला दिसेनासं झालंय."

सगळा गाव, हातात पेले तसेच धरून, डोंगराकडे बघायला लागला. जो तो डोळे मिचकावत होता, एक डोळा झाकून बघत होता, मग दुसरा. "तो क्रॉस दिसतो का तुला? चर्चवरचा?" "दिसतो. तुला?" "दिसतो बहुतेक." "बहुतेक म्हणजे काय रे?" भट्टीवाला स्वतःच्या तळहाताच्या रेघा बघत उभा होता. इलारिओन आजोबा काठी आपटत म्हणाले, "अरे, मला कित्येक वर्षं तो क्रॉस दिसत नाही. मला कसं कळायचं?" एरवी लोक हसले असते. पाद्रीबाबांनी त्यांचा हात धरला.

नेव्यानाकडे मोबाइल होता. तिनं हॉस्पिटलला फोन लावला आणि माझ्या कानाला धरला. पलीकडे एक बाई होती, डॉक्टर. भराभर विचारत होती. किती प्यायला, कधीपासून, शुद्धीत आहे का, श्वास कसा चाललाय. मग म्हणाली, "अँब्युलन्स निघाली. पण घाट आहे, वेळ लागेल. आजी, आता मी सांगते ते नीट ऐका. त्याला दारू पाजा."

मला वाटलं, भीतीनं माझे कान गेले.

"बाई, दारूनंच तर—"

"ते स्पिरिट शरीरात गेल्यावर विष होतं. चांगली दारू पोटात असली तर ते विष होणं थांबून राहतं, आम्ही पोचेपर्यंत. एका वेळी थोडी द्या, शुद्ध हरपली तर अजिबात नको. आणि घरची नको. दुकानातली सीलबंद, कराची पट्टी असलेली. घरची नको, कोणाच्याच घरची नको, समजलं?"

समजलं. नेव्यानालाही ऐकू गेलं होतं. तिचे गुडघे माझ्यापेक्षा खराब आहेत, ती जिना उतरतानाही देवाचं नाव घेते. ती बाई कबरींमधून स्कर्ट वर धरून पळत सुटली.

परत आली तेव्हा छातीशी वोडकाची बाटली होती, धुळीनं पांढरी. मी पट्टी बघितली. चार-चारदा बघितली. तोवर मी त्या पट्टीकडे कधी धड पाहिलंही नव्हतं, आता तिच्यावरचं एकेक अक्षर बोट फिरवून वाचत होते. मग फाडली.

"पी," मी रादोयला म्हटलं.

"नको आई. मळमळतंय."

"पी म्हणते ना."

"तूच का," तो म्हणाला आणि हसायला बघत होता, "तूच सांगतेस का प्यायला?"

आयुष्यभर एका पुरुषाच्या हातातून पेला ओढत आले, त्याच्याच कबरीवर बसून दुसऱ्याच्या दातांत पेला घालत होते. एका हातानं हनुवटी धरलेली. दारू त्याच्या गळ्यावरून माझ्या बाहीत जात होती. दोन्का त्याचं डोकं पोटाशी धरून सारखी विचारत होती, "मी दिसते का? रादोय, मी दिसते का?" आणि तो म्हणत होता, "दिसतेस गं, धुक्यात आहेस." मी तिला गप्प बस म्हणणार होते, पण मग उत्तरही बंद झालं असतं.

अँब्युलन्स आली. मागून पाद्रीबाबांच्या गाडीत, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत, ज्यानं ज्यानं घोट घेतला होता तो तो आला. त्यांची रक्तं तपासली. घोट-दोन घोटच गेले होते, देवाची कृपा, दुसऱ्या दिवशी सगळ्यांना घरी पाठवलं. रादोयला मात्र यंत्राला जोडलं. त्याचं रक्त नळीतून बाहेर जाऊन धुतलं जाऊन परत आत येत होतं. मला दाराच्या काचेतून तेवढंच दिसायचं, ती लाल नळी.

नेव्याना घरी गेली नाही. कॉरिडॉरच्या बाकावर माझ्याशेजारी बसून राहिली. मी वाट बघत होते ती "मी सभेत म्हटलं होतं" कधी म्हणते त्याची. ती म्हणाली नाही, त्यामुळे मला आणखी भीती वाटली. नेव्यानानं टोमणा गिळला म्हणजे तिला काहीतरी वाईट दिसत असणार.

शेवटी मीच म्हटलं, "बोल. कर नसता तर हा त्या गेत्सोच्या दारात गेला नसता."

"नसता गेला."

"आणि कर नव्हता तेव्हा वेल्चो गेला."

"गेला." तिनं स्कर्टवरची माती झटकली. "माझं विचारशील तर महाग झाल्यापासून दोघं-तिघं खरंच कमी प्यायला लागलेत. त्यांच्या बायका आता माझ्याकडून साखर रोखीनं नेतात. मला ते तुला सांगायचं नव्हतं."

"का?"

"तू माझं डोकं खाल्लं असतंस."

फोनवरची ती डॉक्टर बाहेर आली होती, तिनं ऐकलं. डोळ्यांखाली काळं, केस विस्कटलेले, माझी मुलगी शोभेल अशा वयाची. भिंतीला टेकली. म्हणाली, "आजी, हा वॉर्ड बघताय? खाटा सगळ्या यकृतवाल्यांच्या. चांगल्या, शुद्ध, घरच्या राकियेनं मरणारे. ते सावकाश मरतात म्हणून त्यांची कुठे बातमी येत नाही. दारू महाग झाली तर त्यातले निम्मे इथे यायचेच नाहीत. म्हणून मी कराच्या बाजूची. फक्त ज्यांनी कर लावला त्यांनी गेत्सोच्या मागेही माणूस लावायला हवा होता. ते राहिलं."

"राहिलं," मी म्हटलं. "तुझ्या त्या सगळ्या खाटा एका पारड्यात घाल, बाई. मलाही मान्य, जड आहेत. त्यातली एक माझ्या नवऱ्याची होती. पण दुसऱ्या पारड्यात माझा मुलगा आहे. मला सांग, मी काटा कुठे धरू?"

ती भिंतीपासून सरळ झाली.

"उद्या सकाळी डोळे तपासू," ती म्हणाली. "जीव वाचेल असं मला वाटतं. डोळ्यांचं सांगत नाही."

सकाळी आम्हाला आत घेतलं. रादोय उशीला टेकून बसला होता, दाढी वाढलेली, ओठ फाटलेले. दोन्कानं त्याचा हात धरला. तो दाराच्या दिशेनं बघत होता, आणि मी दाराच्या दिशेला नव्हते.

डॉक्टरनं त्याचा डावा डोळा तळहातानं झाकला. "समोर तुमची आई उभी आहे," ती म्हणाली. "डोक्याला काय बांधलंय त्यांनी?"

"काळा रुमाल," रादोय लगेच म्हणाला.

दोन्का रडायला लागली, आनंदानं. मी तिला हातानं थांबवलं. वेल्चो गेल्यापासून मी काळाच बांधते. ते सांगायला डोळे कशाला लागतात? माझ्या मुलाला मी जन्म दिलाय, तो केव्हा बघून बोलतो आणि केव्हा मला बरं वाटावं म्हणून बोलतो ते मला कळतं.

मी गाठ सोडली. नवऱ्याशिवाय दुसऱ्या पुरुषानं माझं उघडं डोकं पाहिलेलं नाही. खोलीत वॉर्डबॉय होता, शेजारच्या खाटेवर एक म्हातारा होता, काचेमागे नेव्याना होती. मी रुमाल काढून मुठीत धरला आणि दोन पावलं पुढे गेले. माझे केस पांढरेशुभ्र आहेत.

"आणि आता?" मी विचारलं.

"आता काय?" रादोय म्हणाला. "काळाच."

दोन्काचं रडणं मध्येच तुटलं. डॉक्टरनं माझ्याकडे पाहिलं नाही. तिनं सावकाश हात काढला आणि आता त्याचा उजवा डोळा झाकला.

मी हलले नाही. त्याचा डोळा माझ्या तोंडावरून वर गेला, कपाळावर थांबला, आणखी वर गेला, परत खाली आला. कपाळाला आठ्या पडल्या.

"आई," तो हळूच म्हणाला, "डोकं झाक. लोक आहेत."